पिवळ्या आभाळाचा पडदा

नागपूर ते कोल्हापूर या प्रवासाचं रडगाणं मी गाणार नाही. ज्यांनी तो केलाय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून फायदा नाही. मी गेले होते ते व्याख्यान द्यायला. ‘सिनेमा : सर्व कलांचा संगम’ हा माझा ठरलेला विषय. पंचवीस वर्षं कॉलेजात सिनेमा शिकवते, त्यामुळे हे व्याख्यान मला झोपेतही देता येतं. खरं सांगायचं तर बरेचदा तसंच दिलेलं आहे.

पण या वेळी व्याख्यानासोबत एक प्रदर्शनही होतं. कोल्हापुरातल्या काही सिनेमावेड्या मंडळींनी, पडद्यावर ज्यांची नावं कधी आली नाहीत अशा कारागिरांची कामं गोळा केली होती. मूर्तिकाराने केलेले देवळाचे खांब, शिंप्याने शिवलेले सरदारी अंगरखे, असलं बरंच काही. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे एक रंगवलेला पडदा. स्टुडिओत नटांच्या मागे डोंगर आणि आभाळ दिसावं म्हणून टांगायचा तसला, वीस फूट रुंद. काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या शेवटच्या दिवसांतला. स्टुडिओ बंद पडल्यावर एका खेड्यातल्या नाटकमंडळींनी तो नेला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला, म्हणून वाचला. तो रंगवणारे हिंदुराव पेंटर हयात होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या कामावर त्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा लागणार होतं. ही कल्पना माझी, आणि तिचा मला भारी अभिमान होता.

कोल्हापूर

स्टेशनवर जाधव मास्तर आले होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, प्रदर्शनाचे कर्तेधर्ते, आणि आवाज असा की हमालांनीही वळून पाहिलं.

“या की मॅडम! नागपूरकरांस्नी पहिल्यांदा मिसळ चारायची, मग बाकीचं बोलायचं.”

मी म्हटलं, मास्तर, आम्हाला तिखटाचं कौतुक सांगू नका, आमच्याकडे सावजी रस्सा असतो. ते नुसते हसले. अर्ध्या तासाने माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं आणि मास्तर मला दही पुढे करत होते. “असूंदे, असूंदे. सावजी येगळं, ह्ये येगळं.” शेजारच्या टेबलावरची माणसंही माझ्याकडे आपुलकीने बघत होती. आमच्याकडे पाहुण्याला ठसका लागला की लोक मान वळवतात, निदान तसं दाखवतात. इथे चारजण सल्ला देतात.

संध्याकाळी ते मला दूध प्यायला घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला म्हैस उभी, तुम्ही पेला घेऊन उभे, आणि धार थेट पेल्यात. मी दूध म्हणजे पिशवीतलं या पिढीतली. पेला हातात ऊन लागला तेव्हा दचकलेच. पण प्यायले, आणि ओठांवर फेस घेऊन भर रस्त्यात उभी राहिले. बरं वाटलं. त्या आठवड्यात बरं वाटण्याचा तो बहुतेक शेवटचा प्रसंग.

कारण तिथेच मी मास्तरांना म्हटलं, पडदा दाखवा ना.

“न्हाय. पडदा उद्घाटनालाच बघायचा. तुमी सांगितल्यापरमाणं सगळं झालंय. बगशीला तर वळखायच्या न्हाईसा.”

मी काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. मी कौतुकाने मान हलवली.

कोडोली

दुसऱ्या दिवशी हिंदुरावांना भेटायला कोडोलीला निघाले. गळीत हंगाम चालू होता. भाड्याच्या गाडीपुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याच्यापुढे आणखी एक, असं करत आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. मी घड्याळ बघायला लागले तर गाडीवाला म्हणाला, “बसा की निवांत. कारखाना चालू हाय तोवर रस्ता उसाचा.” मग त्यानेच उतरून पुढच्या ट्रॉलीतला एक ऊस उपसून आणला आणि माझ्या हातात दिला. ट्रॅक्टरवाल्याने पाहिलं आणि काहीही म्हटलं नाही.

वाटेत थोडं आत वळून मी चिखलीचा संगम पाहिला. व्याख्यानात वापरायला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा चार नद्या मिळतात, पाचवी सरस्वती गुप्त आहे असं म्हणतात, आणि पुढे सगळ्यांची मिळून पंचगंगा. मला ते फारच सोयीचं वाटलं. चित्र, शिल्प, नाट्य, संगीत, नृत्य या पाच कला म्हणजे या पाच नद्या, असं वहीत लिहूनही घेतलं. घाटावर कपडे धुणाऱ्या एका बाईने विचारलं, “काय लिवतासा?” मी म्हटलं, नद्यांबद्दल. “त्यात काय लिवायचं?” असं म्हणून तिने चादर आपटली.

हिंदुराव पेंटर आता मुलीकडे राहतात. मुलीचं नाव संगीता, दारात दोन म्हशी, सोप्यात बाज. आण्णा (सगळे त्यांना आण्णाच म्हणतात) बाजेवर पाय सोडून बसले होते. पांढरा पायजमा, हाफ शर्ट, आणि नखांच्या कडांना कसला कसला रंग. अजूनही ट्रॅक्टरच्या पाठीमागे नावं आणि वाघ रंगवून देतात.

“बसा ताई. संगे, भाकरी टाक.”

मी म्हटलं, नको, नाश्ता झालाय. संगीता आतूनच म्हणाली, “झाला असंल की. भाकरीला काय हुतंय?” भाकरी, खर्डा आणि वाटीभर सायीचं दही आलं. आमच्याकडे “घ्या ना, घ्या ना” असा आग्रह असतो. इथे विचारतच नाहीत, ताटात वाढतात.

आण्णांचे वडील गणपती करायचे. स्टुडिओने त्यांना देवळांचे खांब करायला बोलावलं आणि त्यांच्याबरोबर सोळा वर्षांचे आण्णा गेले. मी त्यांना त्या पडद्याबद्दल विचारलं.

“गाण्यासाठी केलता. बाई खांबाला टेकून बसल्याली. खांब आमच्या बानं केल्याला. पेटीवाला आमच्याच गल्लीतला, भजनातला. चाल तमाशातली, जरा वळवून घेतल्याली. मागं लढाईला जाणारं सैन्य, ती समदी तालमीतली पोरं. आणि मागचा डोंगर माझा.” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “सिनिमा म्हंजे दुसरं काय असतंय? ह्येचं थोडं, त्येचं थोडं.”

मी पंचवीस वर्षं तासभर घेऊन सांगते ते त्यांनी अर्ध्या बशीत सांगून टाकलं होतं. मी हसत हसत वहीत उतरवून घेतलं. आणि मग सहज, अगदी सहज मी म्हणाले, रंग आता बरेच विटलेत हो त्याचे. फोटोत आभाळ तर पार पिवळं पडलेलं दिसलं.

आण्णा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

“विटलंय कुठलं! आभाळ पिवळंच केलतं. पिवळ्या मातीत थोडा खडू. डोंगर गेरूचं, मागचा डोंगर फिक्या गेरूचा. झाडं निळीत काजळी घालून. ताई, कॅमेऱ्याला रंग कुठं दिसत हुता तवा? काळं-पांढरंच की समदं. निळं आभाळ आन् हिरवा डोंगर काढला, तर दोन्ही एकच राखाडी. कुठं डोंगर सपला न् कुठं आभाळ लागलं, कळायचं न्हाय. पिवळं कसं, पांढरं-शुभ्र येतंय. त्येच्या म्होरं गेरू उठून दिसतोय. कॅमेरामनच्या गळ्यात एक काच असायची, त्यातनं बघितलं की रंग मरायचं. आमचं मुख्य पेंटर म्हणायचं, चित्र माणसासाठी काढायचं न्हाय, त्या काचंसाठी काढायचं.”

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. कारण तेव्हा मला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी पडद्याचा फोटो पाठवला होता. मी पेपर तपासत होते. पिवळट आभाळ आणि विटकरी डोंगर बघून मी एका हाताने उत्तर टाकलं होतं : ‘मूळ रंग विटलेले दिसतात. प्रदर्शनाआधी मूळ रूपात आणता आलं तर बघा.’ नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या मी.

“आभाळ हाय न्हवं अजून तसंच?” आण्णांनी विचारलं. “बाकी कायबी झालं असूंदे. बाकीचं पडदे धुतलं न् परत रंगिवलं, कापडाला कोण सोडतंय? त्यो एकच राह्यलाय. मला एकदा फकस्त कॅमेऱ्यातनं बघायचाय. काम केलं तवा आमास्नी कोण कॅमेऱ्याला डोळा लावू देत हुतं? न् थेटरात बघाय गेलो तर त्या गाण्यात बाईचं तोंडच मोठं केल्यालं. डोंगर दिसलाच न्हाय.”

मी म्हणाले, “हो आण्णा. आहे तसंच.”

हे वाक्य मी इथे लिहिते आहे कारण ते मी म्हणाले होते.

गाडी थेट कोल्हापुरात, प्रदर्शन होतं त्या शाळेच्या हॉलवर घ्यायला लावली. मास्तर शिडीवर चढून तोरण बांधत होते. मी पडद्यावरची चादर ओढली.

सुंदर होता. हेच तर वाईट. वर निळंभोर आभाळ, त्यात कापसासारखे ढग, खाली हिरवेगार डोंगर, झाडांना पालवी. कुणालाही भिंतीवर लावावासा वाटेल असा देखावा. मास्तरांनी दहा दिवस जेवणवेळ न पाळता तो काढला होता. दुसऱ्या कुठल्या गावी असता तर जुना पडदा धूळ झटकून तसाच टांगला असता. पण हे कोल्हापूर. इथे ज्याच्या त्याच्या घरात कुणीतरी ब्रश धरलेला आहे, आणि मळकं आभाळ बघून हात शिवशिवल्याशिवाय राहत नाही. गावात चित्रकार नसते तर तो पडदा वाचला असता.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते शिडीवरून उतरले, खिशातून फोन काढला, माझा निरोप माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “तुमीच लिवलंय की मॅडम. मूळ रूपात.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“पुसता येईल?”

“न्हाय. वरचा माझा प्लास्टिक पेंट. खालचा त्येंचा सरसात कालवल्याला, मातीचा. पाणी लागलं की खालचाच आधी जाईल.” एवढा मोठा माणूस, बाकावर बसला आणि लहान दिसायला लागला. “करायला गेलो गणपती न् झाला मारुती.” मग म्हणाले, “आण्णास्नी सांगू नका. डोळ्यास्नी धड दिसतंय कुठं त्येंच्या? निळं काय न् पिवळं काय.”

मी ताबडतोब मान्य केलं. इतक्या चटकन मी मास्तरांचं दुसरं काहीच मान्य केलं नव्हतं.

पन्हाळा

आण्णांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की मला पन्हाळ्यावर नेऊन तो डोंगर दाखवायचा. मी काहीतरी कारण काढायला हवं होतं. नाही काढलं. वाटेत सांगून टाकू असं मनाशी म्हणत गाडीत बसले आणि पन्हाळा आला तरी बोलले नाही.

गडावर सहली आल्या होत्या. घोड्यावर बसून फोटो काढणारी माणसं, कणसं भाजणाऱ्या बाया, झुणका-भाकरीच्या टोपल्या. आण्णांनी त्या सगळ्यांना ओलांडून मला तटाच्या एका कोपऱ्यावर नेलं. थंडीचे दिवस, समोर एकामागे एक डोंगरांच्या रांगा.

“हितं बसवलंतं मला. मुख्य पेंटर म्हणालं, डोंगर बघून ये. कागद नेऊ नगं. कागद नेलास की त्योच बघत बसशील. आणि एक डोळा झाकून बघ.”

“एक का?”

“कॅमेऱ्याला किती डोळं?”

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. मीही झाकला. तटावर एक म्हातारा आणि एक पोक्त बाई एकेक डोळा झाकून उभी आहेत, हे पाहून सहलीतल्या मुलींनी आमचाही फोटो काढला.

“ही पहिली रांग, गेरू. तिच्या मागची, गेरूत खडू. तिच्या बी मागं एक बारीक हाय बगा, दोऱ्याएवढी. दिसती?”

मला दिसत नव्हती. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, तेव्हा कुठे धुरकट रेघ दिसली. त्यांना ती चष्म्याशिवाय दिसत होती. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढल्यापासून सुई ओवता येते, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

म्हणजे मास्तरांनी मला दिलेला आधारही गेला. मला त्या वेळी फार भीती वाटली. कुणी रागावेल म्हणून नव्हे. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट एकदाच बघायची होती, आणि ती मी पुसून टाकली होती, तीही न विचारता, एका हाताने. समोर बसलेल्या बाईकडून आम्ही झुणका-भाकरी घेतली. आण्णांनी कांदा मुठीने फोडला आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी तो खाल्ला. तेव्हाही सांगता आलं असतं.

पुन्हा कोल्हापूर

उद्घाटनाला हॉल भरला होता. आण्णा संगीताबरोबर एस.टी.ने आले, इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर नवी टोपी. मास्तर त्यांना सामोरे गेले नाहीत, माईक तपासत राहिले. कुणा पाहुण्यांनी दोरी ओढली, चादर खाली आली आणि टाळ्या पडल्या. निळं आभाळ लोकांना फार आवडलं.

आण्णा पुढे गेले. पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. मग चार पावलं मागे आले आणि एक डोळा झाकला. हॉलमध्ये चहाचे कप वाजत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती.

“ताई, फोनात काळं-पांढरं करता येतं न्हवं?”

मी फोन काढला, ते बटण शोधायला मला वेळ लागला. पडद्यासमोर धरला. वरपासून खालपर्यंत एकच राखाडी. आण्णांनी तर्जनी काचेवर ठेवली आणि डोंगराची कड शोधत हळूहळू सरकवत नेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोट उचललं.

“डोंगर गेला,” ते म्हणाले.

“आण्णा, मास्तरांचा दोष नाही. मी सांगितलं होतं तसं करायला. मला वाटलं रंग उडालेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी पोरांस्नी ह्येच शिकिवता न्हवं? सिनिमा?”

“हो.”

टोमणा नव्हता तो. दवाखान्यात आपण विचारतो ना, डॉक्टर तुम्हीच ना, तसं त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर मान हलवली. मग मास्तरांना हाक मारून जवळ बोलावलं. “ढग झ्याक काढल्याती, मास्तर. हात चांगला हाय तुमचा.” मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते ‘आलोच’ म्हणून आत निघून गेले.

पडद्याच्या कोपऱ्यात मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून लावलेली पाटी होती : ‘चित्रकार : हिंदुराव पेंटर.’ आण्णा ती वाचत होते. ओठ हलवत, एकेक अक्षर.

“ह्ये काढा, ताई.”

“आण्णा, नाव तुमचंच...”

“माझा न्हाय ह्यो. म्या असलं आभाळ काढलं न्हाय कवा. लोकं म्हंतील, हिंद्याला येवढं बी कळत नव्हतं.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “काढा म्हणतोय न्हवं! कुणाला सांगू बी नका माझा हाय म्हणून. शपथ हाय.”

मी पाटी काढली. टाचण्या बोटाला टोचल्या. तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं गेलं.

व्याख्यान चाळीस मिनिटं झालं. पाच नद्यांचा दाखला लोकांना आवडला, त्यावर टाळ्या मिळाल्या. आण्णा दुसऱ्या रांगेत बसून चहा पीत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन उठली. चुणचुणीत होती, पहिल्या वाक्यापासून लिहून घेत होती.

“मॅडम, तुम्ही म्हणालात की या कारागिरांची नावं नोंदवली पाहिजेत. मग हा पडदा कुणी रंगवला?”

मी आण्णांकडे पाहिलं. ते बशीकडे बघत होते.

“नाव मिळालं नाही,” मी म्हणाले.

तिने ते तसंच वहीत लिहून घेतलं.